तुळशीबाग, आठ माणसं आणि एक सून

ताई, नमस्कार.

मी चिंचवडला राहते. घरात मी, हे, १३ वर्षांचा मुलगा, ६ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंचं वय ७४, गुडघे दुखतात. दर मे महिन्यात नणंद, नंदोई आणि त्यांची कॉलेजातली मुलगी इंदूरहून आठ दिवस राहायला येतात. त्यातला एक दिवस ‘सगळे मिळून तुळशीबाग’ हा ठरलेला. सासूबाईंचं माहेर शुक्रवार पेठेतलं, त्यामुळे त्यांचा तर फारच आग्रह.

गेल्या वर्षी त्या दिवसाचा पार विचका झाला. रविवार होता. गाडी लावायला जागा मिळेना, त्यातच पाऊण तास गेला. ऊन मी म्हणत होतं. सासूबाई एका दुकानाच्या पायरीवर बसल्या त्या उठेनातच. आणि बांगड्या बघता बघता माझी मुलगी दिसेनाशी झाली. दहा मिनिटांत सापडली, शेजारच्या बोळात भातुकलीच्या दुकानासमोर उभी होती. पण त्या दहा मिनिटांत माझं काय झालं ते मलाच ठाऊक. ह्यांनी भर गर्दीत सांगून टाकलं, ‘यापुढे मला यात धरू नका.’ नणंद म्हणाली, ‘वहिनी, तुला ना नियोजनच जमत नाही.’ आंबे घ्यायचे राहिले ते राहिलेच.

आता परवा तिचा फोन आला, ‘तुळशीबागेचा दिवस ठरवून ठेव गं.’ माझ्या पोटात गोळाच आला. हे म्हणतात, तुम्ही बायका-बायका जा. सासूबाई म्हणतात, जायचं तर सगळ्यांनी. काहीतरी कारण काढून टाळू का? आणि जायचंच झालं तर आठ माणसांना नेऊ तरी कशी?

ता. क. नणंद घासाघीस फार करते. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

– तुळशीबागेला भ्यालेली, चिंचवड

———

जायचं. कारण काढून यंदा टाळाल, पण पुढच्या मे महिन्यात नवं कारण शोधावं लागेल, आणि सासूबाईंना पहिल्याच कारणात सगळं कळेल.

आधी त्या दहा मिनिटांचं बोलू या, कारण बाकीचं सगळं त्यापुढे किरकोळ आहे. तुम्ही, नवरा, सासूबाई, नणंद, नंदोई आणि भाची, अशी सहा मोठी माणसं तिथे होती. मुलीचा हात कुणाच्या हातात होता? माझी खात्री आहे की सहाही जणांना तो दुसऱ्या कुणाच्या तरी हातात आहे असं वाटत होतं. घोळका मोठा असला की मूल सुरक्षित आहे असं उगाच वाटतं. एकटी आई पोरीला घेऊन मंडईत जाते तेव्हा भाजी निवडतानाही एक हात अडकलेला असतो. सहा जण असले की सगळेच हात मोकळे. तुमच्या नियोजनात काही खोट असेल तर एवढीच, की हे काम कुणाच्या नावावर नव्हतं.

म्हणून यंदा ते नावावर टाका, आणि तोंडानं बोलून. ‘बघशील ना हिच्याकडे’ असं हवेत सोडलेलं वाक्य चालणार नाही. ‘आता एक वाजेपर्यंत ही तुझ्याकडे’ असं सांगायचं आणि समोरच्यानं ‘हो, माझ्याकडे’ म्हणायचं. एकाकडून दुसऱ्याकडे देताना पुन्हा तेच. ऐकायला कवायतीसारखं वाटेल, भाची हसेलही. हसू द्या.

सकाळी निघताना मुलीचा त्या दिवसाच्या कपड्यांतला एक फोटो मोबाईलवर काढून ठेवा. वेळ आलीच तर घाबरलेल्या माणसाला फ्रॉकचा रंग आठवत नाही. तिच्या खिशात दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, पण नाव गळ्यात अडकवू नका, परक्या माणसानं नावानं हाक मारली की मुलं ओळखीचं समजून जातात. तिला दोनच गोष्टी शिकवा: आम्ही दिसलो नाही तर शोधायला जायचं नाही, आहेस तिथेच थांबायचं, आणि अगदी रडू आलं तर जवळच्या दुकानात गल्ल्यावर बसलेल्या माणसाला सांगायचं. ‘हात सोडलास तर पोलीस धरून नेतील’ असं मात्र कुणीही, आजीनंसुद्धा, म्हणायचं नाही. नाहीतर मूल नेमकं मदत करणाऱ्या माणसाला बघून लपतं. पाच मिनिटांत सापडली नाही तर अपराधी वाटत बसू नका, ११२ लावा, किंवा मुलांसाठीचा १०९८.

आणि एक लक्षात आलं का? तुमची मुलगी वाट चुकलेलीच नव्हती. तिला जिथे जायचं होतं तिथेच ती गेली होती. सहा वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून तुळशीबाग कशी दिसते ते एकदा खाली बसून बघा: पिशव्या, साड्यांच्या निऱ्या, कुणाचं तरी कोपर आणि वर लटकलेल्या पर्सेसचे बूड. त्यात दोन तास बांगड्या चाललेल्या. मग भातुकलीचं दुकान येतं, आणि नेमकं तिथे सगळं तिच्या नजरेसमोर मांडलेलं असतं. पितळेचा बोटभर बंब, त्याची तोटी खरंच फिरते. जातं, त्याचा खुंटा निघतो. सूप, पाटा-वरवंटा, झाकणाचा कुकर. ‘शहाण्यासारखी वागलीस तर शेवटी घेऊ’ म्हणून आपण हे दुकान लाचेसारखं मागे ठेवतो. यंदा ते पहिलं घ्या. हातात भातुकलीची पिशवी आली की पोरगी पुढचा तासभर त्या पिशवीत डोकं घालून चालेल.

आता गाडी. गेल्या वर्षी ती काढलीच का, हा प्रश्न मी विचारणार नाही, कारण गाडी कुणाच्या हट्टानं निघाली असेल त्याचा मला अंदाज आहे. मंडईचं मेट्रो स्टेशन २०२४ च्या सप्टेंबरअखेरीस सुरू झालं. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या स्टेशनात बसायचं आणि थेट मंडईत उतरायचं, मध्ये गाडी बदलायची नाही. लिफ्ट आहे, सरकता जिना आहे, स्वच्छतागृह आहे. आठ जणांच्या कुटुंबात त्या शेवटच्या गोष्टीचं मोल काय आहे ते तुम्हाला सांगायला नको. वर आलं की समोर मंडई, आणि तुळशीबाग चार पावलांवर. मिनर्व्हा आणि आर्यनच्या वाहनतळांवर जागा मिळेल की नाही यावर सुट्टीचा दिवस पणाला लावायचं काही कारण उरलेलं नाही. रविवार मात्र सोडा. नणंद आठ दिवस आहे ना, मग मंगळवार-बुधवार काय वाईट आहे? नवऱ्याला एक दिवस रजा काढावी लागेल. काढू दे.

वेळेचंही तसंच. मे महिन्यात दुपारी बारा ते चार या वेळात पुण्यातल्या कुठल्याच रस्त्यावर म्हाताऱ्या माणसाला उभं करू नये. दहा-साडेदहाला पोचा, दुकानं तेव्हाच उघडत असतात, दुकानदार भवानीच्या मूडमध्ये असतो आणि बोळांतून चालता येतं. एक-दीडला छताखाली.

आता तुमचा मूळ प्रश्न, आठ माणसांना न्यायचं कसं. नेऊच नका. म्हणजे मेट्रोत सगळे एकत्र बसा, जेवायला सगळे एकत्र बसा, पण बाजारात आठ जणांची मिरवणूक काढू नका. ‘गेलो तर सगळे’ या सासूबाईंच्या म्हणण्यात काही चूक नाही. ‘सगळे’ म्हणजे सगळा वेळ एकमेकांना धरून, हा अर्थ आपण त्याला चिकटवला. तुळशीबागेतल्या बोळांत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला तिरकं व्हावं लागतं. तिथे आठ जण रांगेनं चालले की पुढचा थांबतो तेव्हा मागच्याला का थांबलोय ते कळत नाही, आणि सगळ्यांचा वेग सगळ्यात दमलेल्या माणसाइतका होतो. मग दमलेलं माणूस शरमतं आणि न दमलेलं चिडतं. तुमच्या घरात गेल्या वर्षी नेमकं हेच झालं, त्याला कुणाच्या स्वभावाचं नाव देऊ नका.

तेव्हा तुकड्या पाडा. कोण कुणाबरोबर, हे बाजाराकडे बघून नाही, माणसांकडे बघून ठरवा.

सासूबाईंपासून सुरुवात करू. त्यांना तुळशीबागेतून काय घ्यायचंय, हे तुम्ही कधी विचारलंत का? पत्रात तसं काही दिसत नाही. ७४ वर्षांच्या, शुक्रवार पेठेत वाढलेल्या बाईला क्लिपा आणि उशांचे अभ्रे नको असतात. त्यांना राममंदिरात जायचं असेल. निम्मी गिऱ्हाइकं तुळशीबाग म्हणजे दुकानंच समजतात, मध्ये देऊळ आहे हे त्यांच्या गावीही नसतं. नारो अप्पाजी खिरे, म्हणजे तुळशीबागवाले, यांनी पेशवाईत बांधलेलं हे राममंदिर. नगारखान्याखालून आत गेलं की बाहेरचा कलकलाट एकदम निम्म्यावर येतो. लाकडी सभामंडप आहे, टेकायला जागा आहे. त्यांना पायरी-पायरीवर बसवत फिरवण्यापेक्षा सरळ तिथे न्या आणि तास-दीड तास तिथेच राहू द्या.

त्यांच्याजवळ कुणी बसायचं? नणंदेनं. तुम्ही नाही. आठ दिवसांसाठी आलेल्या लेकीला आईजवळ एकटीनं बसायला किती वेळ मिळतो? घरात तुम्ही असता, नातवंडं असतात, टीव्ही असतो. दोघींना मोकळं बोलायचं असेल, तुमच्याविषयीही बोलायचं असेल. बोलू द्या. माहेरवाशिणीला काम कसं सांगायचं असा संकोच करू नका. हे काम आहे असं तिला वाटणारही नाही.

‘तुला नियोजन जमत नाही’ याला उत्तर द्यायचं का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सलतंय ते दिसतंय. वर्षभरानंतर उत्तर देऊ नका, फक्त फोनवर सांगा: ‘दिवस मी ठरवलाय, बुधवार. आंबे तुझ्याकडे, आईंना देवळात तूच घेऊन जा. बाकीचं मी बघते.’ एवढं ऐकल्यावर ती नियोजनावर पुन्हा बोलेल असं मला वाटत नाही. बोललीच, तर पुढच्या वर्षीचं सगळं तिच्याकडे सोपवून मोकळ्या व्हा.

तुमचे हे. त्यांचा राग तुळशीबागेवर नाही, हातात पिशव्या देऊन खांबासारखं उभं करण्यावर आहे, आणि त्या रागात थोडं तथ्य आहे. थोडंच, कारण भर गर्दीत ओरडण्याची माफी अजून शिल्लक आहे आणि ती मुलीसमोर मागितली गेली तर बरं. पण त्यांना पुन्हा खांब करू नका. त्यांच्या ताब्यात मुलगा द्या. १३ वर्षांच्या मुलाला बांगड्यांच्या दुकानाबाहेर उभं करणं ही शिक्षाच आहे. दोघांना बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत पाठवा. विजेच्या सामानाची अख्खी गल्ली: वायर, होल्डर, एलईडीच्या माळा, छोट्या मोटारी. घरातला कुठला तरी दिवा बंद असेलच, तो दुरुस्त करायचं सामान आणायला सांगा. पुस्तकांचं वेड असेल तर अप्पा बळवंत चौक जवळच आहे. यादी लिहून देऊ नका. यादी दिली की ते पुन्हा हमाल झाले.

मंडईच्या इमारतीकडेही बाप-लेकांनी जरा मान वर करून बघावं. अष्टकोनी इमारत, मधोमध उंच मनोरा. १८८६ मध्ये ती उघडली तेव्हा गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं तिला ‘रे मार्केट’ म्हणत. या इमारतीवरच्या खर्चाला नगरपालिकेत विरोध केला होता तो जोतीराव फुल्यांनी. त्यांचं म्हणणं, पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं तिला नाव मिळालं ते फुल्यांचंच. मुलाला विचारा, हा मान झाला की थट्टा? परतीच्या मेट्रोत पुरेल इतका वाद होईल. माझं मत विचाराल तर फुले खुशीत हसले असते, कारण ओट्यांवर बसून भाजी विकणाऱ्या बायकांची पोरं पुढे शाळेत गेली.

नंदोईंचा तुमच्या पत्रात एकदाच, यादीत, उल्लेख आहे. अशा माणसाची काळजी नको. ते केळकर संग्रहालयात रमतील. बाजीराव रस्त्यापासून जवळच, पायी दहा-बारा मिनिटं. दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून गोळा केलेले अडकित्ते, दिवे, दौती, भांडी. आपल्या अकाली गेलेल्या राजा नावाच्या मुलाच्या स्मरणार्थ त्यांनी ते उभं केलं. आत थंडावाही आहे. भाचीला स्वतंत्र सोडा. १९-२० वर्षांच्या मुलीला ऑक्सिडाइज्डचे कानातले घ्यायला मामीची सोबत नको असते. फोन चालू ठेव एवढंच सांगा.

मग उरल्या तुम्ही आणि लेक. भातुकली झाली की भांड्यांच्या दुकानात शिरा, हे माझं ऐकाच. तिथे एक माणूस नाव घालायला बसलेला असतो. त्याच्या हातात जाड पेनासारखं मशीन, त्याची वायर भिंतीत. तो स्टीलचा डबा मांडीवर उपडा घेतो, ‘काय घालायचं?’ विचारतो, आणि र्र्र्र आवाज करत ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं उमटवत जातो. आधी पेन्सिलीनं खूण नाही, रेघ नाही, तरी ओळ वाकडी होत नाही. लग्नाच्या आहेराची भांडी असतात, कुणाकडून, कुणाला, तारीख, सगळं. मग अंगठ्यानं बुकणी पुसून डबा परत देतो. सासूबाईंच्या जुन्या पितळी पातेल्याचा काठ बघा, तिथेही असं नाव असेल, फक्त ते छिन्नी-हातोडीनं घातलेलं. मुलीला एक छोटी वाटी घेऊन द्या आणि तिचं नाव तिच्यादेखत घालून घ्या. आपलं नाव स्टीलवर उमटताना बघणाऱ्या सहा वर्षांच्या पोरीला तिथून हलवणं कठीण जाईल, हे आधीच सांगून ठेवते.

आता जरा नाजूक गोष्ट. तुमच्या अख्ख्या पत्रात सासूबाईंना काय हवं, नणंदेला काय हवं, नवऱ्याला काय नको, हे सगळं आहे. तुम्हाला तुळशीबागेतून काय घ्यायचंय ते कुठेच नाही. दरवर्षी तुम्ही जाता, पिशव्या मोजता, डोकी मोजता आणि परत येता. यंदा साडेअकरा-पावणेबाराला मुलीला राममंदिरात आजी आणि आत्याच्या ताब्यात द्या (तोंडानं बोलून, ‘आता ही तुझ्याकडे’) आणि तासभर एकट्या फिरा. काही घेतलंच पाहिजे असं नाही. बोहरी आळीत जाऊन केकचे साचे बघा, लक्ष्मी रोडवर एखादी साडी उलगडून घ्या आणि न घेता उठा. एका तासात कुणाचं काही बिघडत नाही. फोन आलाच तर ‘मिरच्या बघतेय’ म्हणा.

भेटायची जागा आणि वेळ आधी पक्की करा, फोनवर विसंबू नका. गर्दीत रिंग ऐकू येत नाही, आणि ‘मी त्या पर्सच्या दुकानासमोर आहे’ या वाक्याला तुळशीबागेत काही अर्थ नाही. मंडईतला लोकमान्यांचा पुतळा धरा. १९२४ मध्ये मोतीलाल नेहरूंच्या हस्ते बसवलेला, सासूबाईंच्या जन्माआधीपासून तिथे आहे, कुणालाही विचारलं तरी दाखवेल. एक वाजता तिथे. सव्वा नाही.

खाण्याचं. तुळशीबागेत श्रीकृष्ण भुवनची मिसळ खायची असेल तर ती बाप-लेकांनी सकाळीच उरकावी. जागा छोटी, आठ जणांना एकत्र बसायला मिळायचं नाही, आणि लहानग्या नाती-आजीला तो तिखटपणा झेपायचाही नाही. एक वाजताचं जेवण मात्र बसून, पंख्याखाली, पाणी आणून देणाऱ्या हॉटेलात. इथे काटकसर करू नका. पायरीवर बसून घरच्या पोळी-भाजीचे डबे सोडायचा सासूबाईंचा विचार असेल तर गोड बोलून मोडा. घरून आणायचं ते पाणी, आणि भरपूर. जेवणानंतर मस्तानी हवीच असेल तर निंबाळकर तालमीपाशी सुजाता आहे. सासूबाईंना चालवू नका, रिक्षा करा, जवळचं भाडं म्हणून कुरकुर झाली तरी करा.

पैशांवरून मुलांची भुणभुण होते, त्यावर उपाय सोपा. निघतानाच दोघांना दोन-दोनशे रुपये रोख द्या. त्यात काय घ्यायचं ते त्यांचं. संपले की संपले. मुलगी पहिल्या दहा मिनिटांत भलत्याच चमकत्या वस्तूवर उडवेल आणि नंतर रडेल. रडू दे, दोनशे रुपयांत तेवढं शिकणं महाग नाही. वर पैसे देणारी आजी ही त्यातली खरी अडचण. तिला आधी विश्वासात घ्या.

आंबे सगळ्यात शेवटी, मेट्रोत शिरण्याआधी. गेल्या वर्षी ते राहिले कारण ते सगळ्यांच्या डोक्यात होते आणि कुणाच्याच यादीत नव्हते, तुमच्या मुलीच्या हातासारखेच. इंदूरला न्यायचे म्हणजे नणंदेचे आंबे, तेव्हा निवड तिची. तिला एवढं सांगा की खोक्यावर देवगड किंवा रत्नागिरी छापलेलं असलं म्हणजे आतला माल तिथलाच असतो असं नाही. कर्नाटकातला आंबा त्याच नावानं सर्रास खपतो. एक फळ कापून मागावं. हापूसची साल पातळ, आत रंग केशरी. साल जाड आणि गर पिवळट दिसला तर भाव त्या हिशेबानं बोलावा. पेटी घ्यायची तर वरच्या थरावर भुलू नये, खालचा थर पेंढा बाजूला करून बघावा. चांगला विक्रेता स्वतःच दाखवतो. प्रवासाला अर्धे कच्चे घ्यावेत, घरच्या आमरसाला दोन पायरी मिसळाव्यात. मेच्या उत्तरार्धात भाव उतरतो, पण पहिल्या पावसानंतर घेऊ नयेत.

पिशव्या कापडी, प्रत्येकाच्या खांद्याला स्वतःची. प्लॅस्टिकच्या पातळ पिशव्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे हे एक, आणि दुसरं म्हणजे ज्यानं घेतलं त्यानं उचलायचं हा नियम आपोआप लागू होतो. खरेदी निम्म्यावर येते, बघाच.

राहता राहिली ता. क. मधली घासाघीस. इथे मी नणंदेच्या बाजूनं आहे, सगळी नाही, पण बरीचशी. पथारीवरच्या कानातल्यांचा, क्लिपांचा, पर्सचा पहिला भाव हा घासाघिशीची जागा धरूनच सांगितलेला असतो. तिथे गप्प बसून पैसे मोजणारं गिऱ्हाईक विक्रेत्यालाही अळणी वाटतं. मंडई विद्यापीठात हा सक्तीचा विषय आहे. पण ‘एकच भाव’ अशी पाटी असलेल्या दुकानात हुज्जत घालू नये, आणि मंडईबाहेर टोपली घेऊन बसलेल्या बाईकडे कोथिंबिरीच्या जुडीवरून तर नाहीच. घ्यायचं नसेल तर भाव पाडून मागू नये. आपण सांगितलेल्या भावाला तो ‘घ्या’ म्हणाला की वस्तू घेतलीच पाहिजे, मग ‘पुढे बघून येते’ म्हणणं हा खरा अपमान. हे नणंदेला सांगायची हिंमत नसेल तर भाचीला सांगा, ती आईला सांगेल, या वयाच्या मुलींना ते छान जमतं. तुम्हाला मेल्याहून मेल्यासारखं होतं ते शेजारी उभं राहिल्यामुळे. यंदा ती देवळात आणि तुम्ही बोहरी आळीत असाल, तेव्हा तो प्रश्नच फारसा येणार नाही.

एवढं सगळं करूनही ह्यांनी ‘मी नाही’ हेच लावून धरलं, तर ओढू नका. सासूबाईंना सांगायचं काम त्यांचं त्यांनाच करू द्या. आईसमोर उभं राहून ‘मी येत नाही’ म्हणताना बरेच मुलगे विचार बदलतात. तरीही नाहीच आले, तर मुलाला नंदोईंबरोबर तपकीर गल्लीत पाठवा आणि संग्रहालयाचा बेत पुढच्या वर्षावर टाका. मात्र त्या बुधवारी संध्याकाळी पाच वाजता पिंपरीच्या स्टेशनाबाहेर गाडी घेऊन हजर राहायचं आणि आंब्याची पेटी उचलायची, हे त्यांच्याकडून आधीच कबूल करून घ्या.